मंगळवार-गुरुवार, दहा ते बारा

"काकू, पाय वर घ्या. त्या पट्टीवर ठेवा."

मी पाय वर घेतले. पट्टीवर ठेवले. धडधाकट पाय. दर रविवारी सिंहगड चढणारे, मध्ये कुठेही ताक प्यायला न थांबता वर जाणारे पाय. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मुंबईच्या विमानतळावर, शेकडो माणसांच्या देखत मला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. गळ्यात प्लास्टिकचं पाकीट. पाकिटात कागद. बालवाडीच्या सहलीला पोरांच्या गळ्यात अडकवतात ना, तसा.

कागद माझ्या मुलानं, निखिलनं, अमेरिकेतून मेल केलेला. आमच्या ह्यांनी तो छापून आणला आणि स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात अडकवला. वर दोन पावलं मागे सरकून बघितलं, सरळ दिसतोय का. कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की माझ्या आईला इंग्रजी बोलता येत नाही, कृपया तिला पुढच्या विमानापर्यंत पोचवा. खाली निखिलचा फोन नंबर.

मला तो कागद वाचता येत होता. हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माहेरी, पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी होतं आम्हाला. दहावीला छत्तीस मार्क पडले होते. छत्तीस म्हणजे पास. खुर्चीत बसल्या बसल्या मी अक्षर लावून लावून सगळा कागद वाचला. शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत कानशिलं तापली होती.

खुर्ची ढकलणारी मुलगी वीस-बावीस वर्षांची होती. तिनं विचारलं, "गुडघे का हो काकू?"

"नाही गं."

"मग कंबर?"

"इंग्रजी येत नाही."

ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "हां. तसल्याच जास्त असतात."

ही आपल्याकडची रीत झाली आहे. पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीत निम्म्या घरांतली मुलं बाहेर. सून गरोदर राहिली की सासूचं तिकीट निघतं. सहा महिने. आणि तिकिटाबरोबर व्हीलचेअर सांगायची. म्हणजे रांगेत कुणी काही विचारलं तर ढकलणारा माणूस निभावून नेतो. ह्याला 'सोय' म्हणतात. पुरुषांना इंग्रजी येत नसलं तरी ते चालत जातात बरं का. चारदा चुकतील, नको त्या गेटवर जाऊन बसतील, पण चालत जातील. खुर्ची बाईला. इंग्रजी नाही म्हणजे तिला पायही नाहीत.

तिकडे उतरल्यावर तर कमालच झाली. काचेमागच्या अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट घेतला आणि प्रश्न विचारला खुर्ची ढकलणाऱ्याला. ही बाई किती दिवस राहणार? मी दोन हातांच्या अंतरावर बसलेले. माझ्या डोक्यावरून प्रश्न गेला, डोक्यावरूनच उत्तर आलं. पासपोर्ट माझ्या मांडीवर टाकला. मी मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याचा मला आजही राग येतो.

पण खोटं कशाला बोलू? मान खाली घालायला मी त्या दिवशी शिकले नव्हते.

माझं माहेर मांजरीचं. वडलांची शेती, ऊस आणि थोडी भाजी. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून भाजीच्या गाडीवर वडलांबरोबर मार्केट यार्डात जायचे. वडील मवाळ. व्यापाऱ्यानं मालाला नाव ठेवलं की गप्प बसायचे. मग मी तोंड उघडायचे. "ओ शेठ, कोथिंबीर पिवळी हाय म्हणता? चष्मा पुसा आधी!" चार गाळ्यांपर्यंत आवाज जायचा. हमाल हसायचे, म्हणायचे, आली बघा तोफ. तेव्हा मला कुणाची भीती म्हणून नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा बँकेत, घर पेठेतलं, माणसं शिकलेली. लग्नानंतर पंधरा दिवसांनी घरी पाहुणे आले. मी चहा घेऊन बाहेर गेले आणि म्हणाले, "साखर कमी हाय का बघा." सासूबाई सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाल्या, "आमच्याकडे 'हाय' म्हणत नाहीत. 'आहे' म्हणतात." पाहुणे हसले. हेही हसले. हे हसले ते मला लागलं.

मग मी तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य जुळवायला लागले. वाक्य जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. तीन-चार वर्षांत भाषा शुद्ध झाली, पण तोवर बोलायची सवयच गेली होती. ती जागा ह्यांनी भरून काढली. डॉक्टर मला विचारायचे काय होतंय, हे सांगायचे. पोट माझं, कळ ह्यांना! शाळेत निखिलच्या बाई मला विचारायच्या, हे सांगायचे. कुणी म्हणालंच, वहिनींना बोलू द्या की, तर ह्यांचं ठरलेलं, "तिला काय जमायचंय, भिडस्त आहे ती." मी आणि भिडस्त! मार्केट यार्डातले हमाल ऐकून पोट धरून हसले असते.

तर अशी मी अमेरिकेत पोचले. निखिलचं गाव छोटं, थंड, रस्ते रिकामे. सून केतकी वाईट नाही हो. हुशार आहे, सरळ आहे. बाळंतपण मी मनापासून केलं. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, शेक, सगळं. नातू झाला तेव्हा रडले आनंदानं. त्यात कुठेही काही कमी केलं नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर नाही नाही ते आरोप झाले आहेत.

घरात एक पद्धत होती. मला कळू नये असं काही असलं की दोघं इंग्रजीत बोलायची. माझ्यासमोर, जेवताना, माझ्याच हातच्या पोळ्या खाताना. आणि मी पानात बघत बसायचे. लहान मूल झोपलंय असं समजून मोठी माणसं बोलतात, तसं.

केतकीची रजा संपली. ती वरच्या खोलीत दार लावून काम करायची, निखिल ऑफिसला. मी बाळाला गाडीत घालून फिरायला न्यायचे. एक दिवस रस्त्याच्या टोकाला वाचनालय दिसलं. दारावर पाटी. फ्री इंग्लिश क्लास. मंगळवार, गुरुवार, दहा ते बारा. मला हसूच आलं. फ्री, इंग्लिश, क्लास, तिन्ही शब्द तर आपण पुण्यात रोज बोलतो. म्हटलं, एवढं वाचता आलं तर आत जायला काय हरकत आहे?

आत सात-आठ माणसं गोल बसलेली. शिकवणारी मार्था, सत्तरीची, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली. तिनं बाळाच्या गाडीकडे बघितलं, एक खुर्ची बाजूला ओढून जागा केली, आणि मला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

मी सवयीनं शेजारी बघितलं.

शेजारी हे नव्हते. निखिल नव्हता. व्हिएतनामची एक आजी होती, लान नावाची, ती स्वतःच घाबरलेली. मार्था वाट बघत होती. घड्याळ बघत नव्हती, दुसऱ्या कुणाकडे वळत नव्हती. माझं उत्तर मीच द्यायचं होतं. अडतीस वर्षांत असं माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. मी माझं नाव सांगितलं. गंमत म्हणजे तोंडात माहेरचं नाव आलं. आणि आवाज असा निघाला की बाळ दचकून रडायला लागलं. सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्यात मला कुणी लहान केलं नव्हतं.

त्या दिवसापासून मंगळवार आणि गुरुवार माझे झाले. बाळ गाडीत झोपायचं, मी शिकायचे. चुका? ढिगानं. पण मार्था चूक ऐकून हसायची नाही आणि मीही आता वाक्य मनात जुळवत बसायचे नाही. मार्केट यार्डात व्यापाऱ्यावर तुटून पडायचे तशी बोलायचे. दुकानात कांदा मऊ निघाला तर काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, "धिस ऑनियन नो गुड." त्यानं बदलून दिला. घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते. लान एकदा म्हणाली, तिचा मुलगा तिला विचारतो, आई, मी आहे ना, मग तुला इंग्रजी कशाला? निखिलही हेच म्हणाला असता. जगाच्या दोन टोकांना एकच वाक्य.

घरी सांगितलं नाही. का? कारण सांगितलं असतं तर ती परवानगी झाली असती. आणि परवानगी देणारा उद्या ती काढूनही घेतो.

पण नोंदणीच्या कागदावर एक फोन नंबर लागायचा. मला एकच नंबर पाठ होता, निखिलचा. मी तो दिला आणि विसरले. दोनेक महिन्यांनी मार्थानं त्या नंबरवर मेसेज पाठवला. तुमची आई फार छान शिकते आहे, येत्या गुरुवारी वरच्या वर्गाची परीक्षा आहे, तिला शुभेच्छा द्या. बिचारीनं कौतुकानं पाठवला.

संध्याकाळी निखिल घरात आला तो बूट न काढता.

"आई, तू बाळाला घेऊन अनोळखी लोकांत जाऊन बसतेस? दोन महिने? काही झालं असतं तर तू कुणाला सांगितलं असतंस? आणि कसं?"

"सांगता यावं म्हणूनच जाते ना."

"ह्या वयात? कशाला? आम्ही आहोत ना."

 बाळाच्या बाबतीत माझं चुकलं असेल, विचारायला हवं होतं, हे मला पटत होतं. तसं मी म्हणणारही होते. पान वाढलं. तिघं जेवायला बसलो. केतकीनं इंग्रजीत विचारलं, मग गुरुवारचं काय? आणि निखिलनं पोळीचा तुकडा आमटीत बुडवत इंग्रजीत उत्तर दिलं.

"आय विल टेल हर द क्लास इज कॅन्सल्ड. शी वोन्ट नो."

मी तिला सांगतो क्लास रद्द झाला. तिला कळणार नाही.

एकेक शब्द कळला मला. आणि लगेच तो माझ्याकडे वळला, आवाजात साखर घालून मराठीत म्हणाला, "आई, अगं त्या लायब्ररीतून मेसेज आलाय. गुरुवारपासून क्लास बंद झाला म्हणे."

माझं पोर. ह्याला मी बोलायला शिकवलं. आई म्हण, पाणी म्हण, काऊ म्हण. आणि मी बोलायला शिकत होते ते ह्याला अडचणीचं झालं. हातातली वाटी मी खाली ठेवली.

"क्लास इज नॉट कॅन्सल्ड," मी म्हणाले. "आय नो."

त्या घरातलं माझं पहिलं इंग्रजी वाक्य. केतकीचा घास हातात राहिला. निखिल आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

मग मात्र मी मराठीत बोलले. माझ्या मराठीत. "इतके दिवस तुम्ही माझ्या म्होरं माझंच बोलत व्हता. मला कळत न्हाई म्हणून. आता कळतंय. गुरुवारी धा वाजता मी जाणार हाय. बाळ तुमचं हाय, दोन तास तुम्ही बघा."

"आई, काय बोलतेयस तू? कसं बोलतेयस?"

"जशी हाय तशी."

तिकडे त्यानं लगेच पुण्याला फोन लावला. हे म्हणाले, "काय तमाशा लावलायस परदेशात? लोकं हसतील." मी म्हटलं, "हसू द्या. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तुम्हीही हसला होता, मी मेले नाही." ह्यांना काही आठवेना. हसणाऱ्यांना कुठे आठवतं!

गुरुवारी मी गेले. एकटी. गाडी न ढकलता हात मोकळे, मला चालताना कसंतरीच वाटत होतं. मार्थानं दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तुमच्या पहिल्या कामाबद्दल. मी मार्केट यार्ड सांगितलं. पिवळी कोथिंबीर, व्यापारी, चष्मा. तोडकंमोडकं, हातवारे करत. लान हसून हसून डोळे पुसत होती. मी पास झाले.

वरच्या वर्गात बसायला मात्र मिळालं नाही, कारण परतीचं तिकीट दोन आठवड्यांवर आलं होतं. निखिल म्हणाला, मुक्काम तीन महिने वाढवून घेऊ. मी म्हटलं, राहते, पण क्लास चालू राहील. तो म्हणाला, बाळ लहान आहे गं, समजून घे. मी बॅग भरली. निघताना नातवाचा वास नाकात भरून घेतला आणि गाडीत हमसून हमसून रडले, पण थांबले नाही. विमानतळावर खुर्ची घेऊन माणूस उभाच होता. त्याला हात जोडले आणि माझ्या पायांनी आत गेले. एकदा चुकले. विचारलं. सापडलं.

पुण्यात आल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये गेले. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "ॲडमिशन कुणाची?"

"माझी."

"नाही, म्हणजे, नातवासाठी विचारताय का?"

"त्याला गरज नाही. तो तिकडचाच आहे."

सर बाहेर आले. म्हणाले, काकू, मुलं संकोचतील तुमच्यामुळे. मी म्हटलं, "संकोच मोडायलाच येतात ना ती? चांगलंय की." मला वर्गात घ्यावंच लागलं त्यांना. डॉक्टरकडेही आता मी आत जाते आणि हे बाहेर पेपर वाचतात. पहिल्यांदा घुश्शात वाचत होते. आता नुसतेच वाचतात.

मग केतकीला पुन्हा दिवस गेले. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. निखिल म्हणाला, "आई, तिकीट कधीचं काढू?" हे शेजारून म्हणाले, "काढ रे मार्चचं. हिला काय, रिकामीच असते."

"थांबा," मी म्हटलं. "मला विचारलंय त्यानं." आणि निखिलला सांगितलं, "येते. सगळं करते. फक्त मंगळवार आणि गुरुवार, दहा ते बारा, मी क्लासला असेन. बाळांची सोय तुम्ही करायची. हे आधी लिहून पाठव, मग तिकीट काढ."

तो हसला. मग त्याला कळलं, मी हसत नाही. "आई, घरात दोन लहान मुलं असणार. थोडं आमचं पण बघ ना."

"तुमचंच बघायला येतेय. आठवड्याचे तास मोज. त्यातले चार माझे."

 तो म्हणाला, "मग राहू दे. केतकीच्या आईंना विचारतो."

त्या गेल्या. नात झाली. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही. तिच्या मुठी कशा आहेत, केसांना कसला वास येतो, मला ठाऊक नाही. फोनवर दिसते, टाळ्या वाजवते, आणि फोन बंद झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडते. लपवत नाही. त्रास होतो, खूप होतो. नातेवाइकांत बोललं जातं, म्हातारपणी इंग्रजीच्या नादात हिनं नात सोडली. नणंदबाई तोंडावरही म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, मी नात सोडली नाही. तिच्या बापाला चार तास सोडवले नाहीत.

मागच्या आठवड्यात निखिलचा फोन आला. केतकीच्या आई परत निघाल्या आहेत. "आई, ये ना. प्लीज. मुलं तुझी आहेत." आवाज खरा होता त्याचा.  हो म्हणणं ओठांवर आलं होतं. एका शब्दानं नात मांडीवर आली असती.

मी विचारलं, "लिहून पाठवतोस का?"

तो म्हणाला, "आई, घरातल्या घरात लिहून काय मागतेस?"

"घरातल्या घरातच लिहून लागतं," मी म्हटलं. "बाहेरची माणसं माझं ऐकून घेतात."

त्याचं लिहिलेलं अजून आलेलं नाही. येईल किंवा नाही येणार. चार तासांतलं एक मिनिटही मी कमी करणार नाही.